गॅलरीतले पक्षी आणि घरचं बियाणं: मुंबईत कमी खर्चात कसं जमवावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पक्ष्यांना खायला घालायचं ठरलं की लोक आधी दुकानातला फीडर बघतात, आणि भाजी लावायची ठरली की दरवर्षी बियांची नवी पाकिटं आणतात. यातला बराचसा खर्च टाळता येतो, कारण ही दोन कामं मुळात एकाच कुंडीत होतात. भाजी खुडून झाली की झाड उपटायचं नाही. त्याला फुलू द्यायचं, बी धरू द्यायचं. त्यातलं मूठभर बी पुढच्या हंगामाला ठेवायचं, बाकीचं पक्ष्यांचं. चाळीच्या गॅलरीत, खिडकीच्या ग्रिलमध्ये किंवा सोसायटीच्या गच्चीवर झाडं लावणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

आमच्या खिडकीशी कबुतरं आणि कावळ्यांशिवाय येणार तरी कोण?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरेच जण. चिमणी, साळुंकी, लालबुड्या बुलबुल, दयाळ, शिंपी आणि शिंजीर हे पक्षी दाट वस्तीतही असतात. समोर वड-पिंपळ-उंबर असेल तर तांबट असतोच. दिसत नाही, पण त्याचा टुक-टुक आवाज दुपारभर ऐकू येतो. आरे, बोरिवली, मुलुंड, भांडुप या जंगलाला लागून असलेल्या भागांत मुनियाही गवताच्या बियांवर उतरतात.

यातले दाणे खाणारे थोडेच. चिमणी आणि मुनिया दाणे टिपतात. बुलबुल आणि तांबट फळांवर जगतात, शिंजीर फुलातल्या मधावर, शिंपी आणि दयाळ किड्यांवर. साळुंकी मिळेल ते खाते. चिमणीसुद्धा पिल्लांना पहिले काही दिवस किडे आणि अळ्याच भरवते. त्यामुळे नुसतं ताटलीत धान्य ठेवून फार पक्षी येणार नाहीत. चवळीच्या शेंड्यावर थोडा मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) पडलेला असतो, त्यावर शिंपी दिवसातून चार वेळा फेरी मारतो. तो मावा औषध मारून घालवलात तर शिंपीचं जेवणही गेलं.

दाणे टाकले की कबुतरंच येतात. काय करायचं?

उघड्यावर दाणे टाकणं बंद करायचं. शेजाऱ्यांचा विचार बाजूला ठेवला तरी हे करायलाच हवं. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासावाटे सतत आत गेली तर काही लोकांच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते. हा आजार चिवट असतो आणि वेळीच लक्षात आला नाही तर फुप्फुसं कायमची अधू होऊ शकतात. २०२५च्या जुलैपासून महापालिकेने मुंबईतले कबुतरखाने बंद करायला घेतले, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, त्याच्या मुळाशी हाच मुद्दा होता. श्रद्धेने दाणे घालणाऱ्यांचं दुःख मला कळतं. पण ज्या घरात दमेकरी आहे किंवा म्हातारं माणूस आहे, त्या घराच्या छज्जावर शंभर कबुतरं जमवणं बरोबर नाही.

चिमणीला मिळावं आणि कबुतराला मिळू नये, यासाठी आकाराचा फरक वापरा. चिमणीचं वजन साधारण २५ ते ३० ग्रॅम, कबुतराचं ३००च्या आसपास. लोखंडी जाळीची जुनी टोपली ताटलीवर उपडी घाला आणि तारेने घट्ट बांधा. जाळीची भोकं साधारण ४ सेंटिमीटरची हवीत. चिमणी आत-बाहेर करते, कबुतराचं नुसतं डोकं आत जातं. म्हणून ताटली टोपलीच्या मधोमध ठेवायची, कडेला नाही.

दुसरा उपाय मला त्याहून आवडतो, तो म्हणजे बाजरीचं कणीस झाडावरच राहू देणं. डोलत्या कणसाला लटकून दाणे टिपणं चिमणीला आणि मुनियाला जमतं, कबुतराला नाही.

रोज काय आणि किती ठेवायचं?

बाजरी आणि तांदळाची कणी. दोन्ही वाण्याकडे सुटी मिळतात आणि कणी तर अख्ख्या तांदळापेक्षा स्वस्त असते. नाचणी, वरी, राळा घरात असेल तर तेही चालतं. ‘बर्ड फूड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांतही बहुधा हीच धान्यं असतात, मग वेगळे पैसे कशाला मोजायचे?

सकाळी दोन चमचे पुरेत. दुपारी बारापर्यंत संपलं पाहिजे. संपत नसेल तर कमी ठेवा, लवकर संपलं म्हणून लगेच वाढवू नका. पक्षी दिवसभर हिंडून खातात, तुमची ताटली ही त्यांच्या वाटेवरची एक जागा आहे. गावाला जाताना अपराधी वाटून घेऊ नका, ते उपाशी राहत नाहीत.

पावसाळ्यात धान्य ओलं होऊन त्यावर बुरशी येते आणि बुरशीचा दाणा विषारी असतो. त्या दिवसांत ताटली छपराखाली घ्या, आणि दाणा चिकट किंवा कुबट लागला तर सरळ फेकून द्या. शेंगदाणे द्यायचे तर बिनमिठाचे आणि ताजे, खवट किंवा काळसर अजिबात नाही.

उरलेला भात, पोळी, पाव, फरसाण?

बिनमिठाचा भात, थोडासा, ताजा असेल तर हरकत नाही; पण मुंबईच्या उकाड्यात तो दोन-तीन तासांत आंबतो, तेव्हा उचलून घ्यायचा. पोळीचे बारीक तुकडे कधीतरी. पाव आणि बिस्किटांनी पोट भरतं, पोषण होत नाही. फरसाण, शेव, वेफर्स, लोणचं लागलेलं काहीही नको, कारण एवढं मीठ लहान पक्ष्याला झेपत नाही. दूधही नको, ते त्यांना पचत नाही. पपईची साल आणि गर, पिकलेल्या पेरूचा तुकडा, केळ्याचा काळा पडलेला शेवट, कलिंगडाचा पांढरा भाग हे मात्र जरूर ठेवा. बुलबुल आणि साळुंक्या त्यासाठीच येतात. पपईच्या बियाही बुलबुल आवडीने खातात.

कच्चे तांदूळ पोटात फुगून पक्षी मरतात, हे खरं का?

नाही. शेतातलं भात पक्षी कायम खात आले आहेत.

पाणी ठेवलं तर डास होतील ना?

पाणी रोज बदललं तर नाही. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. म्हणून रोज सकाळी जुनं पाणी कुंडीत ओतायचं, परळ (मातीची उथळ ताटली) काथ्याने घासायची आणि नवं पाणी भरायचं. नुसतं वरून भरत राहिलात तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात, घासणं महत्त्वाचं. अशी मातीची परळ सगळ्यात चांगली, पाणी दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड. मार्च ते मे या दिवसांत दाण्यापेक्षा पाण्याची गरज जास्त असते. पैसे अजिबात नसतील तर फक्त पाणी ठेवा, तेवढंही पुष्कळ आहे.

बियांच्या पाकिटातलं जुनं, उरलेलं बी पक्ष्यांना घालू का?

कधीच नाही. पाकिटातलं बी गुलाबी, लाल, हिरवं किंवा निळं दिसत असेल तर त्यावर बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावलेलं असतं. तो रंग मुद्दाम दिलेला असतो, कोणी चुकून खाऊ नये म्हणून. पक्ष्याला तो इशारा कळत नाही. असं बी धुऊन घातलं तरी चालत नाही. मातीत पुरा किंवा पेरून टाका; पेरलं तर बी उघडं राहणार नाही याची खात्री करा आणि हात साबणाने धुवा. पाकिटावर ‘विषारी’ किंवा ‘खाण्यासाठी नाही’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लावून घ्या.

घरचं बी राखायचं माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण हेच आहे. आपल्या लाल माठाचं बी सांडलं आणि चिमणीने टिपलं, तर काळजी करावी लागत नाही.

शिंजीरासाठी साखरेचं पाणी ठेवावं का?

नको. त्यावर मुंग्या येतात, ते आंबतं, त्यात पोषण नाही. जास्वंदीची फांदी कोणाकडूनही फुकट मिळते आणि पावसाळ्यात सहज जगते. जास्वंद फुलली की शिंजीर आपणहून येतो.

जागा एका कुंडीपुरतीच आहे. पक्ष्यांनाही उपयोगी पडेल आणि बीही मिळेल असं काय लावू?

मायाळू. बाजारातून मायाळूची जुडी आणलीत तर तिच्यातल्या दोन जाड काड्या पाण्यात ठेवा, आठवड्याभरात मुळं फुटतात. वेल ग्रिलवर चढतो, पानं भजीला आणि आमटीला येतात. पाऊस सरल्यावर त्याला बारीक गुलाबी-पांढरी फुलं येतात, मग हिरवी मण्यांएवढी फळं आणि पिकल्यावर जवळजवळ काळी. फळ चिरडलं की बोटं गडद जांभळी होतात. बुलबुल या फळांवर तुटून पडतात. प्रत्येक फळात एकच बी असतं. दहा-बारा फळं आधी काढून चोळून, धुऊन, सुकवून ठेवा. बाकीची बुलबुलांना सोडा. पुढच्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या कुंडीत मायाळू आपोआप उगवलेला दिसला तर तो कोणी पेरला, हे सांगायला नको.

थोडी जास्त जागा आणि चांगलं ऊन असेल तर लाल माठ. भाजी दोनदा खुडा, मग दोन सगळ्यात दणकट झाडं सोडून द्या. त्यांना लांब तुरे येतात आणि एका तुऱ्यात हजारो चकचकीत काळं बी असतं. तुरा तळहातावर चोळून बी पडायला लागलं की एक कापून घ्या. ताटात चोळा, हलकी फुंकर मारा. भुसा उडतो, बी राहतं. दुसरा तुरा तसाच उभा ठेवा, चिमण्या महिनाभर त्याच्यावर येत राहतात.

तिसरी बाजरी. पावसाचा जोर ओसरल्यावर स्वयंपाकघरातली अख्खी बाजरी खोलगट डब्यात पेरली की साधारण तीन महिन्यांत कणसं दाण्याला येतात. त्यासाठी तेलाचा पत्र्याचा डबा किंवा मासळी बाजारात टाकून दिलेलं थर्माकोलचं खोकं पुरतं. खोकं साबणाने दोनदा धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा, नाहीतर वासाने मांजरं माती उकरतील. तळाला भोकं पाडायला विसरू नका. आणि काहीही झालं तरी कठड्यावर किंवा ग्रिलच्या बाहेर सुटी कुंडी ठेवू नका, खाली माणसं चालत असतात.

पक्षी सगळंच बी खाऊन टाकतील, मग मला काय उरणार?

आपला वाटा आधी बाजूला काढायचा. बियाण्यासाठी निवडलेल्या फळाला किंवा तुऱ्याला रंगीत दोरा बांधा, म्हणजे घरातलं कोणी चुकून तोडणार नाही, आणि त्यावर जुन्या ओढणीची किंवा मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी चढवा. प्लास्टिकची पिशवी नको, आत पाणी धरून फळ कुजतं.

निवड मात्र नीट करा. उरलेलंसुरलेलं, वाकडं, कोणी खाल्लं नाही म्हणून राहिलेलं फळ बियाण्याला ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे. ती सोडायला हवी. लवकर फळणारं, न किडलेलं, भरपूर देणारं झाड हेरा आणि त्याचं पहिलं-दुसरं चांगलं फळ राखा. दरवर्षी असं केलंत तर चार-पाच वर्षांत तुमच्या गॅलरीला, तुमच्या अर्ध्या दिवसाच्या उन्हाला सोसणारं बियाणं तयार होतं. हे कुठल्याही दुकानात मिळत नाही.

मिरचीबद्दल लोकांना नवल वाटतं, कारण बुलबुल आणि साळुंकी लालभडक तिखट मिरच्या आरामात गिळतात. मिरचीतल्या तिखटपणाची जाणीव पक्ष्यांना होतच नाही. ती उंदीर-खारीसारख्या सस्तन प्राण्यांना होते. ते बी चावून मारतात, तर पक्ष्याच्या पोटातून बी अख्खं बाहेर पडतं आणि दूरवर पोचतं.

कोणतं बी राखता येतं आणि कोणतं नाही? हायब्रीडचं काय?

पाकिटावर ‘संकरित’, ‘हायब्रीड’ किंवा ‘एफ-१’ लिहिलं असेल तर त्या झाडाचं बी उगवेल, पण पुढची झाडं सारखी निघणार नाहीत. कुणाला फळं बारीक, कुणाला उशिरा. विष होत नाही, फसगत होते इतकंच. राखायचं असेल तर सरळ वाण घ्या, म्हणजे संकरित नसलेला, ज्याच्या बीपासून तसंच झाड येतं असा. भेंडीत ‘परभणी क्रांती’ आणि ‘अर्का अनामिका’, मिरचीत ‘पुसा ज्वाला’, टोमॅटोत ‘पुसा रुबी’ ही नावं विचारून घ्या. हे सगळे सरकारी संशोधन केंद्रांनी आणि कृषी विद्यापीठांनी काढलेले सरळ वाण आहेत आणि एकदा घेतले की पुन्हा घ्यावे लागत नाहीत.

सुरुवात वाल, चवळी, मेथी आणि टोमॅटोपासून करा. यांचं फूल बहुतेक वेळा आपल्याच परागाने फळतं, त्यामुळे भेसळ क्वचित होते. भेंडी, वांगी आणि मिरचीत मधमाश्या थोडीफार भेसळ करतात. दोन जातींच्या मिरच्या शेजारी लावल्या असतील तर कळ्यांवर कापडी पिशवी घाला. पालक, मुळा, माठ यांची भेसळ सहज होते, म्हणून एका वेळी एकच जात. मुळ्यासारख्या पिकाचं बी एकाच झाडावरून घेत राहिलं तर वाण दुबळा होत जातो, तिथे चार मित्रांनी मिळून बी एकत्र करावं.

स्वयंपाकघरातल्या डब्यातलं बी पेरून चालेल?

चालेल, आणि याहून स्वस्त काही नाही. मेथीदाणे, मोहरी, तीळ, अख्खी चवळी, कडवे वाल, मूग, बाजरी हे सगळं उगवतं. धणे हलके रगडून दोन फाका करून पेरायचे. प्रत्येक फाकेत एक बी असतं. फार जुने, भाजलेले, सोललेले किंवा फुटलेले दाणे उगवणार नाहीत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा मुंबईत मेथी-कोथिंबिरीचा काळ. मे महिन्यात पेरून ती उगवली नाही म्हणून डब्याला दोष देऊ नका.

टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी यांचं बी नेमकं कसं काढतात?

टोमॅटो पूर्ण पिकलेला, मऊ पडायला आलेला घ्या. बिया गरासकट वाटीत काढा, थोडं पाणी घाला आणि कापडाने झाकून ठेवा. प्रत्येक बीभोवती बुळबुळीत आवरण असतं, ते बीला उगवू देत नाही. मुंबईच्या हवेत एक-दोन दिवसांत वर पांढरट साय धरते, आंबूस वास येतो आणि बोटांत धरलेलं बी घसरण्याऐवजी खरखरीत लागतं. तेवढ्यावर थांबा, तिसऱ्या दिवशी बी वाटीतच अंकुरायला लागेल. मग पाणी घालून वरचं ओतून देत राहा. पोकळ बी आणि गर वाहून जातो, जड बी तळाला राहतं. हे बी स्टीलच्या ताटात पसरून सुकवा. वर्तमानपत्रावर नको, चिकटून बसतं.

मिरची झाडावरच लाल होऊ द्या. बी काढताना हाताला तेल लावा आणि नंतर डोळ्याला हात लावू नका. वांगं खाण्याच्या अवस्थेत बी कच्चं असतं; ते पिवळं-तपकिरी, निबर होईपर्यंत ठेवायचं, मग किसून पाण्यात कालवायचं, तळाला बसतं ते चांगलं बी. भेंडी झाडावर वाळून खडखडायला लागली आणि शिरांवर तडा दिसला की कापा.

दुधी, दोडका, कारलं, काकडी: फुलं येतात, फळ धरत नाही. बी कुठून मिळणार?

या वेलींवर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे करंगळीएवढा चिमुकला दुधी दिसतो, नर फूल नुसत्या लांब देठावर असतं. उंच मजल्यावर मधमाशी फारशी पोचत नाही, मग ते काम तुम्हाला करावं लागतं. वेळ मात्र वेलीवर अवलंबून असते. काकडी, कारलं, लाल भोपळा सकाळी फुलतात. दुधी आणि दोडका संध्याकाळी. दिवेलागणीला दुधीची पांढरी पाकळी उलगडते, तेव्हा ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे मुडपा आणि आतला पिवळा परागकोश मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवा. बी शुद्ध हवं असेल तर दोन्ही फुलं फुलायच्या आधी दोऱ्याने बांधून ठेवा आणि काम झाल्यावर मादी फूल पुन्हा बांधा.

बियाण्याचा दुधी वेलीवरच पिवळा-तपकिरी आणि कडक होऊ द्यायचा. काकडी पिवळी जर्द. दोडका सुकून आत बी खुळखुळलं पाहिजे. त्याची जाळी अंघोळीला आणि भांडी घासायलाही कामाला येते.

मुंबईच्या दमट हवेत बी टिकतं का?

टिकतं, पण खरी लढाई इथेच आहे. बीचे दोन शत्रू, ओल आणि उष्णता, आपल्याकडे दोन्ही बारमाही. बियाणेशास्त्रातला एक ढोबळ नियम असा की बीमधली ओल एका टक्क्याने कमी केली तर त्याचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं. म्हणजे महागडा डबा आणण्यापेक्षा दोन दिवस जास्त सुकवणं कधीही फायद्याचं.

हंगाम असा आखा की बी डिसेंबर ते मेमध्ये तयार होईल. पावसात तयार झालेली भेंडी, दोडका यांचं बी ऑक्टोबर हीटमध्ये सुकवा. दुपारच्या कडक उन्हात नाही. सकाळचं कोवळं ऊन दहापर्यंत, मग घरात पंख्याखाली. सुकल्याची परीक्षा सोपी आहे. वाल-चवळीच्या दाण्यावर नखाची खूण उठता कामा नये, आणि दुधी-काकडीचं बी वाकायच्या ऐवजी मोडलं पाहिजे.

साठवायला जॅमची काचेची बाटली घ्या. तळाला दोन चमचे तांदूळ घाला, पण आधी कोरड्या तव्यावर तांबूस होईपर्यंत भाजून, झाकण लावून थंड केलेले. हे तांदूळ बाटलीतली ओल शोषतात. बुटांच्या खोक्यात किंवा औषधाच्या बाटलीत येणारी सिलिका जेलची पुडीही चालते. बिया कागदी पुड्यांत ठेवा. जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं यासाठी उत्तम. पाकिटावर नाव, महिना-वर्ष आणि कोणाकडून आलं ते लिहा. जूनमध्ये, पावसाच्या आधी, तांदूळ बदला.

फ्रीजमध्ये जागा असेल तर बंद बाटली तिथे ठेवा. बाहेर काढली की लगेच उघडू नका. काच हाताला थंड लागायची थांबेपर्यंत थांबा, नाहीतर हवेतली वाफ थेट बियांवर बसते आणि वर्षभराची मेहनत वाया जाते.

वाल-चवळीत भुंगे होतात. काय करायचं?

भुंग्याने अंडी शेतात, शेंगेवरच घातलेली असतात, म्हणून बंद डब्यातही ते ‘आपोआप’ होतात. दाणे अगदी खडखडीत सुकवून बंद बाटलीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. फ्रीझर नसेल तर एरंडेलाचा अगदी हलका हात फिरवा, आजीच्या काळापासून चालत आलेली ही पद्धत आजही काम करते. भोक पडलेले दाणे वेगळे काढा.

जुनं बी अजून जिवंत आहे का, हे कसं ओळखू?

ओल्या रुमालात दहा बिया गुंडाळून डब्यात ठेवा, रुमाल सुकू देऊ नका. आठवडा-दहा दिवसांत सात किंवा जास्त उगवल्या तर बिनधास्त पेरा. चार-पाच उगवल्या तर दुप्पट दाट पेरा. साधारणपणे भेंडी आणि मिरची दोन वर्षं, टोमॅटो, वांगी, दुधी-काकडी चार वर्षं धरून चाला, कांद्याचं बी मात्र एकच वर्ष.

चांगलं देशी बी फुकट कुठून मिळवू? आणि वाटणं कायदेशीर आहे का?

आपल्या माणसांकडून. कोकणात, घाटावर कोणाचं गाव नाही असं मुंबईत घर सापडणं कठीण. गणपतीला, शिमग्याला गावी गेलात की परसातल्या वेलीचं बी मागा. बहुतेक घरांत आजी-काकूच्या फडताळात पुरचुंडी असतेच, आणि ती मागणारं कोणी आलं की त्यांना आनंद होतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच घरोघरचं बी जमवून देशी वाणांची बँक उभी केली आणि २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने हे केलं, आपल्याला निदान दोन बाटल्या भरता येतील.

२००१च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा हक्क दिला आहे. एखाद्या ब्रँडच्या नावाने पाकिटबंद करून विकणं तेवढं त्यात बसत नाही.

सोसायटी तक्रार करते: घाण होते, उंदीर येतात.

तक्रार खरी असेल तर मान्य करा. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, आणि पावसाळ्यात उंदरांबरोबर लेप्टोच्या तापाची भीती असते. ताटलीखाली मोठं ताट ठेवा, संध्याकाळपर्यंत सगळं उचला, रात्री एकही दाणा उघडा ठेवू नका. विष्ठा कोरड्या झाडूने झाडू नका. पाणी शिंपडून, तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. आणि पहिल्या मिरच्या तक्रार करणाऱ्या घरी नेऊन द्या.

वांग्याच्या झाडावर शिंपीने पानं शिवून घरटं केलंय. आता बी कसं काढू?

ती कुंडी महिनाभर त्याची. हलवू नका, पानं बाजूला करून पिल्लं बघू नका, फोटोसाठी मोबाइल जवळ नेऊ नका. पाणी बुंध्याशी हळूच घाला. वांगं तोपर्यंत झाडावर पिकत राहील, बियाण्याला ते बरंच.

पिल्लू खाली पडलेलं सापडलं, अंगावर पिसं आली असतील आणि ते टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय. मांजराच्या वाटेतून उचलून जवळच्या फांदीवर ठेवा आणि दूर व्हा. आई-बाप तिथेच भरवतात. माणसाचा हात लागला की ते टाकून देतात, हा गैरसमज आहे. पिल्लू बिनपिसांचं असेल आणि घरटं दिसत असेल तर परत आत ठेवा. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालयात घेऊन जा.